सातचा भोंगा आणि रात्रीचे अकरा एकोणसाठ

(ऑनलाइन कोर्स लावण्याआधीच्या तयारीबद्दलचा भाग. ज्यांच्याकडे रेंज कमी आहे त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिखित रूप.)

आज सुरुवात एका गावापासून करते. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. साधारण तीन हजार वस्तीचं. तिथं रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो. भोंगा वाजला की टीव्ही बंद, मोबाईल बाजूला. पोरं वह्या-पुस्तकं घेऊन बसतात, मोठी माणसं वाचतात, नाहीतर एकमेकांशी बोलतात. साडेआठला परत भोंगा. मग ज्याला जे बघायचं ते त्याने खुशाल बघावं.

हे सुरू झालं १५ ऑगस्ट २०२२ ला. कोरोनात शाळा मोबाईलवर आली, आणि शाळा परत वर्गात गेली तरी मोबाईल काही पोरांच्या हातातून सुटेना. शिक्षकांच्या ते लक्षात आलं. सरपंच विजय मोहिते यांनी भोंग्याची कल्पना मांडली, तेव्हा गावातल्या पुरुषांनी ती हसण्यावारी नेली. मग बायकांना एकत्र बोलावलं. त्यांनी आधी कबूल केलं की आम्हीही मालिका जास्तच बघतो, आणि मग म्हणाल्या, करायचं तर सगळ्या गावाने करायचं. सुरुवातीला ग्रामपंचायतीची माणसं, अंगणवाडी सेविका, शिक्षक घरोघरी जाऊन सांगत होते. पुढं ती बातमी देशभर गेली, परदेशातही गेली.

तुम्ही म्हणाल, ताई, विषय ऑनलाइन कोर्सचा आणि तू मोबाईल बंद करायच्या गावात कुठं घेऊन चाललीस? थांबा जरा. कारण ती बातमी मी वाचली तेव्हा मी स्वतः एक ऑनलाइन कोर्स करत होते, आणि तो बुडाला. का बुडाला ते मला त्या भोंग्यामुळे कळलं.

मी विट्याची. तेव्हा सांगलीत बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते. 'स्वयम्'वर एनपीटीईएलचा बारा आठवड्यांचा कोर्स लावला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: एनपीटीईएल हा आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएससीचा प्रकल्प, २००३ पासूनचा. 'स्वयम्' हे केंद्र सरकारचं पोर्टल, २०१७ मध्ये सुरू झालं. शिकायला पैसे लागत नाहीत. आयआयटीचे प्राध्यापक फुकटात शिकवतायत म्हटल्यावर मी काय, एकदम तीन कोर्सना नाव नोंदवलं. दोन पहिल्याच आठवड्यात सुटले. तिसरा मी मनापासून करत होते. रात्री अंथरुणात पडून व्हिडिओ बघायचे, दुप्पट स्पीडवर. आणि मला वाटायचं, चाललंय की अभ्यास!

बारातल्या नऊ असाइनमेंट मी भरल्या. मार्क बरे पडत होते. आणि एक दिवस मैत्रिणीने विचारलं, "परीक्षेचा फॉर्म भरलास का?" कसला फॉर्म?

तर मंडळी, ही गोष्ट नीट ऐका. एनपीटीईएलमध्ये कोर्सला नाव नोंदवणं वेगळं आणि परीक्षेला नाव नोंदवणं वेगळं. कोर्स फुकट, परीक्षेची फी भरावी लागते. मी भरायची होती तेव्हा एक हजार रुपये होती. त्या फॉर्मला स्वतंत्र शेवटची तारीख असते, आणि ती कोर्स अर्ध्यात असतानाच येते. माझी तारीख होऊन चार दिवस झाले होते. सगळी सूचना ईमेलवर आली होती, एकदा नाही, अनेकदा. पण तो ईमेल कुठला? मोबाईल घेतला तेव्हा दुकानातल्या पोराने जो आयडी काढून दिला होता तो. त्याचा पासवर्ड मला माहीत नव्हता, तो इनबॉक्स मी वर्षात दोनदा उघडला असेल. त्यात हजारभर जाहिरातींच्या खाली माझी तारीख पडलेली.

मी रडले. कोणाला दोष देणार? सगळं लिहिलेलं होतं. फक्त मला हाक मारून सांगणारं कोणी नव्हतं.

कॉलेजात बघा, आपण कितीही आळशी असलो तरी काहीतरी आपल्याला ढकलत असतं. शिपाई नोटीस लावतो. सर वर्गात ओरडतात, "ज्यांनी फॉर्म भरला नाही त्यांनी आज ऑफिसात जा." बेल होते. एसटीचा पास असतो, म्हणून उठून जातो. गाडीत मैत्रीण विचारते, जर्नल झालं का. ऑनलाइनमध्ये हे सगळं काढून घेतलेलं असतं आणि उरतो तो फक्त धडा. आणि आपल्याला वाटतं, धडा समजला की झालं. वडगावच्या लोकांनी काय केलं, तर जी वेळ कोणाचीच नव्हती तिच्यावर एक भोंगा बसवला. तेच काम ऑनलाइन कोर्सवाल्याला करावं लागतं, आणि तेही कोर्स सुरू व्हायच्या आधी. सुरू झाल्यावर जमत नाही, तोवर तीन आठवडे मागे पडलेले असतात.

दुसऱ्यांदा कोर्स लावला तेव्हा मी साताऱ्यात नोकरीला लागले होते. दहा ते सहा. या वेळी एकच कोर्स घेतला, आणि व्हिडिओ उघडायच्या आधी दोन संध्याकाळी फक्त तयारीत घालवल्या.

आधी नवीन ईमेल काढला. स्वतःच्या पूर्ण नावाने, आधार कार्डावर आहे तसं नाव. हे महत्त्वाचं आहे, कारण प्रमाणपत्रावर तुम्ही फॉर्ममध्ये लिहाल तेच नाव छापून येतं, आणि नंतर 'पाटील'चं स्पेलिंग बदलत बसायला लागतं. त्या ईमेलवर दुसरं काहीही जोडलं नाही. शॉपिंग नाही, गेम नाही. त्यामुळे त्यावर मेल आला म्हणजे कोर्सचाच आला. पासवर्ड आईच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला. हसू नका, फोन पाण्यात पडला तेव्हा तोच कामाला आला.

मग तारखा. कोर्सच्या पहिल्या पानावर सगळ्या असतात: सुरुवात, प्रत्येक असाइनमेंटची मुदत, परीक्षेच्या फॉर्मची मुदत, परीक्षा. मी त्या मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये टाकल्या, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवरही लाल पेनाने लिहिल्या. भिंतीवरच्या जास्त उपयोगी पडल्या. कारण त्या आईने वाचल्या, भावाने वाचल्या. "ताई, बुधवारी काहीतरी आहे तुझं," असं घरातलं कोणीतरी म्हणणं, हा माझा भोंगा. असाइनमेंटची मुदत रात्री अकरा एकोणसाठची असते आणि त्या वेळी आपल्याकडे लाईट असेलच असं नाही. म्हणून मी लाल खूण मुदतीच्या आदल्या दिवशी केली.

मार्कांचा हिशोबही आधी समजून घ्या. एनपीटीईएलमध्ये असाइनमेंटला २५ आणि परीक्षेला ७५. बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये असाइनमेंटपैकी सगळ्यांत चांगल्या आठ धरतात. प्रमाणपत्र मिळायला असाइनमेंटमध्ये २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३० लागतात, दोन्हीकडे वेगवेगळे. म्हणजे बघा, एखादा आठवडा घरात लग्न आहे, गावची जत्रा आहे, ऊसतोड आलीय, तर तो गेला तरी आकाश कोसळत नाही. माझ्या ओळखीची एक मुलगी दोन असाइनमेंट चुकल्या म्हणून कोर्सच सोडून बसली होती. तिला हे माहीतच नव्हतं.

आता वेळ. बारा आठवड्यांच्या कोर्सला आठवड्याला साधारण अडीच-तीन तासांचे व्हिडिओ असतात. पण ते थांबवत, लिहून काढत बघायचे तर दुप्पट वेळ लागतो. म्हणजे आठवड्याचे सहा तास. दीड तास गुणिले चार दिवस. वडगावचा भोंगा दीड तासाचाच आहे, हा योगायोग, पण मला तो आवडला. मी सोमवार ते गुरुवार, साडेसात ते नऊ असं धरलं. बसून, टेबलावर, वही घेऊन. अंथरुणात नाही. फोन 'डू नॉट डिस्टर्ब'वर.

आणि इथं आपल्याकडची खरी अडचण येते. मुलगी पुस्तक घेऊन बसली की घर म्हणतं, अभ्यास करतेय, तिला उठवू नका. मुलगी फोन घेऊन बसली की घर म्हणतं, बघा, दिवसभर मोबाईल. फोन तोच, त्यात आयआयटीचे प्राध्यापक बोलतायत की रील चाललंय, हे लांबून कसं कळणार? माझी आई दर दहा मिनिटांनी हाक मारायची. जरा चपात्या बघ. जरा दुधाला जाऊन ये. जरा काकूंना फोन लावून दे. मी चिडायचे, ती म्हणायची, "मोबाईलच तर बघतीयेस!" तिचं तरी काय चुकलं?

मग मी एक दिवस तिला शेजारी बसवलं आणि अर्धा तास लेक्चर दाखवलं. इंग्रजीत होतं, तिला काही कळलं नाही. पण फळ्यावर लिहिणारा मास्तर दिसला. ती म्हणाली, "हे शिकवत्यात व्हय?" त्या दिवसापासून साडेसात ते नऊ हाक बंद झाली. वर शेजारच्या काकू आल्या की त्यांनाही ती सांगायची, "तिची शाळा भरलीया." ही गोष्ट मला वाटतं लॅपटॉपपेक्षा जास्त किमतीची आहे. घरात एकच फोन असेल, आणि अजून कितीतरी घरांत तसं आहे, तर हे आणखी गरजेचं. कोणाला कधी फोन हवाय हे आधी ठरवून घ्या. बाबांना सात वाजता दूध संकलनाचा हिशोब बघायला फोन लागत असेल तर तुमचा तास साडेआठला धरा. भांडण करून मिळवलेला तास टिकत नाही हो.

रेंजचं काय? पाटण, जावळीच्या डोंगरातली, कोयनेच्या बाजूची पोरं सांगतात की व्हिडिओ फिरतच राहतो. जत, माणमधूनही हेच मेसेज येतात. पण एनपीटीईएलचे व्हिडिओ उतरवून घेता येतात. साताऱ्याला, कराडला, इस्लामपूरला कामाला आलात की आठवड्याचे सगळे एकदम उतरवून घ्या. दर्जा कमी ठेवला तरी चालतो, फळा दिसला म्हणजे झालं. बऱ्याच कोर्सना व्याख्यानाचा लिखित मजकूर असतो, तो तर अगदी थोड्या डेटात येतो. काही कोर्सचा मजकूर मराठीतही आहे, बघून घ्या. असाइनमेंट भरायला तेवढी दहा मिनिटांची रेंज लागते. त्यासाठी टेकडीवर चढायचं तर दिवसाउजेडी चढा, मुदतीच्या रात्री नाही. आणि तालुक्याच्या गावी आता स्पर्धा परीक्षेवाल्यांच्या अभ्यासिका झाल्यात. तिथं महिन्याची फी भरून खुर्ची, लाईट आणि वायफाय तिन्ही मिळतं. मला नोकरीनंतर त्याच खुर्चीने तारलं.

इंग्रजीची भीती वाटते, हे मला सगळ्यात जास्त जण लिहितात. माझं बारावीपर्यंतचं शिक्षण मराठीत झालं. पहिले दोन आठवडे मला निम्मं कळत नव्हतं. मी काय केलं, शब्द इंग्रजीच ठेवले, वाक्य मराठीत लिहिलं. 'डेप्रिसिएशन म्हणजे यंत्र दरवर्षी जितकं झिजतं तेवढी त्याची किंमत कमी धरायची', असं. कारण परीक्षेत प्रश्न इंग्रजीत येणार, तिथं शब्द ओळखता आला पाहिजे. पण समजायचं ते आपल्या भाषेतच समजतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात प्राध्यापकांच्या बोलण्याची सवय होते. तोवर नेट धरा.

आणखी एक. ही परीक्षा घरून नसते. केंद्रावर जाऊन, कॉम्प्युटरवर द्यायची असते. ज्यांनी पूर्ण कोर्स मोबाईलवर केला त्यांचा हात माऊसवर अडखळतो. परीक्षेआधी एखाद्या दिवशी कॉलेजच्या लॅबमध्ये नाहीतर सायबर कॅफेत तासभर बसून या. विट्याची, खानापूरची गलाई व्यवसायातली पोरं देशभर पसरलीत, त्यातले काही हा पॉडकास्ट ऐकतात. तुमच्यासाठी सांगते, फॉर्म भरताना परीक्षेचं शहर निवडायला मिळतं. तेव्हा तुम्ही कोईमतूरला दुकानात असाल की गावी, याचा विचार त्याच वेळी करा.

कॉलेजात शिकत असाल तर कोर्स लावण्याआधी एक काम करा. विभागप्रमुखांना जाऊन विचारा की या कोर्सचं क्रेडिट आपल्याकडे धरतात का. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयम्'वरून करायला विद्यापीठ परवानगी देऊ शकतं. 'देऊ शकतं' हा शब्द लक्षात ठेवा. कुठला कोर्स कुठल्या विषयाऐवजी चालेल हे तुमचं विद्यापीठ आणि कॉलेज ठरवतं. साताऱ्यात असा, सांगलीत असा, बहुतेकांचं विद्यापीठ शिवाजी विद्यापीठ, पण प्रत्येक कॉलेजात हे बघणारे सर वेगळे. त्यांना शोधा, आणि उत्तर लेखी घ्या. मी पहिल्या वेळी तेही विचारलं नव्हतं.

आत्तापर्यंत एकेका कोर्सबद्दल बोलले. पूर्ण पदवीच ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाने करायची असेल तर जरा जास्त सावध राहा. बसस्टँडच्या भिंतीवर 'घरबसल्या पदवी'चे कागद चिकटवलेले असतात. पैसे भरण्याआधी यूजीसीच्या डीईबीच्या संकेतस्थळावर विद्यापीठाचं नाव आणि त्या अभ्यासक्रमाचं नाव, दोन्ही शोधा. विद्यापीठाला मान्यता असली म्हणून त्याच्या प्रत्येक ऑनलाइन पदवीला असतेच असं नाही. कोणी 'आम्ही त्यांची फ्रँचायझी आहोत' म्हणालं तर तिथूनच परत फिरा, नियमात फ्रँचायझीला परवानगीच नाही. इंजिनिअरिंग, नर्सिंग, फार्मसी, कायदा या पदव्या ऑनलाइन देता येत नाहीत. मानसशास्त्र, मायक्रोबायोलॉजीसारखे काही विषयही २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून बंद केलेत. मान्यता असलेल्या पदवीला प्रवेश घेताना डीईबी आयडी काढावा लागतो. तो स्वतःच्या मोबाईलवरून, स्वतः काढा. दुसऱ्याच्या हातात ओटीपी देऊ नका. दुकानातल्या पोराने काढून दिलेल्या ईमेलची गोष्ट आत्ताच सांगितली ना!

मान्यता असेल तर ती पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरतात, हे यूजीसीने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय. त्यामुळे 'बाहेरून केलंय' म्हणून मान खाली घालायचं कारण नाही. आपल्या भागाने तर अजिबात नाही. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे ते यशवंतराव चव्हाण देवराष्ट्र्याचे. ते जन्मले तेव्हा ते गाव सातारा जिल्ह्यात होतं, आज सांगलीत आहे, आणि तेही कडेगाव तालुक्यातच, मोहित्यांच्या वडगावच्या तालुक्यात. लहानपणीच वडील गेले, आईने वाढवलं, कराडच्या टिळक हायस्कूलात शिकले. विद्यापीठ १९८९ चं. नोकरी करणारे, शेती करणारे, शिक्षण अर्ध्यात सुटलेले, लग्न होऊन सासरी गेलेल्या मुली, यांच्यासाठी ते आहे.

आणि काम करत शिकायचं हे तर साताऱ्याला कोणी नव्याने सांगायला नको. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह काढलं. 'कमवा आणि शिका'मधली पोरं शेतात राबून शिकली. मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. तिथं अभ्यास हा कामातून उरलेल्या वेळेत करायचा नव्हता. दिवसात कामाची जागा ठरलेली, तशी शिकण्याचीही ठरलेली. आज मिरज-कुपवाडच्या नाहीतर साताऱ्याच्या एमआयडीसीत पाळीवर जाणारे आपले श्रोते विचारतात, ताई, वेळ कधी काढू? पाळी बदलते, मग तासही बदलला तरी चालेल. पण आठवडा सुरू व्हायच्या आधी, रविवारी, पाळीचा तक्ता हातात घेऊन चार जागा धरून ठेवा. 'जमेल तेव्हा' म्हणालात की संपलं. मी नऊ असाइनमेंट 'जमेल तेव्हा'च भरल्या होत्या.

दुसऱ्या वेळी माझं काय झालं, ते राहिलंच. पास झाले, ६३ टक्के. फार नाहीत. दहाव्या आठवड्यात ऑफिसात वर्षअखेरीचं काम आलं आणि दोन असाइनमेंट गेल्या. पण कराडची एक मैत्रीण तोच कोर्स करत होती. रोज रात्री नऊ वाजता आम्ही एकमेकींना वहीच्या पानाचा फोटो पाठवायचो. बाकी गप्पा नाहीत, फक्त फोटो. त्या दोन आठवड्यांत माझ्याकडून फोटो गेला नाही, तर तिसऱ्या सोमवारी तिचा फोन आला, "जिवंत हायस का?" त्याच रात्री परत बसले.

तर ज्यांनी जुलैच्या किंवा जानेवारीच्या सत्राला कोर्स लावायचं ठरवलंय, त्यांनी आज व्हिडिओ उघडू नका. ईमेल तपासा, पासवर्ड आठवतो का बघा, कोर्सच्या पानावरच्या तारखा भिंतीवर उतरवा, आणि आईला शेजारी बसवून एक लेक्चर दाखवा. अडलं तर नेहमीच्या नंबरवर व्हॉइस मेसेज पाठवा, पुढच्या भागात घेते. आता ठेवते, साडेसात वाजत आले.